समुद्रकड्यावरचा हौद : किल्वाच्या सुलतानाचं घर वाचताना

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून किल्वा किसिवानी नावाचं एक छोटं बेट आहे. तिथे समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर चौदाव्या शतकातल्या राजवाड्याचे अवशेष उभे आहेत. त्याचं नाव हुसुनी कुब्वा. शंभराहून जास्त खोल्या, चौक, जिने, आणि समुद्राच्या बाजूला एक अष्टकोनी हौद. हौद साधारण आठ मीटर रुंद, आत उतरायला पायऱ्या. शेती भिजवायला किंवा जनावरांना पाजायला तो नव्हता. तो डुंबायला होता.

या हौदापाशी जरा थांबू. बेटावर नदी नाही, प्यायचं पाणी विहिरींचं. समुद्र पायाशी, पण खारा. म्हणजे सुलतानाला संध्याकाळी पाण्यात पाय सोडून गलबतं बघायची लहर आली, तर कुणीतरी ते पाणी शेंदायचं, वाहायचं, ओतायचं. ती माणसं कोण होती हे कुठल्याही शिलालेखात नाही. राजवाड्यात सापडलेल्या कोरीव शिलेवर नाव आहे ते एकाचंच : अल-हसन इब्न सुलेमान, किल्वाचा सुलतान. त्याचा काळ साधारण 1310 ते 1333.

श्रीमंत माणसं मोठी घरं बांधतात हे सांगायला उत्खननाची गरज नाही. पुरातत्त्वज्ञ वेगळंच विचारतात. या घराकडून काय काम करून घेतलं जात होतं? आत कुणाला येऊ दिलं जायचं आणि कुठपर्यंत? कुठली खोली मिरवायला, कुठली माल रचायला? आणि गावातली बाकीची माणसं राहत कुठे होती? किल्वा आणि शेजारचं सोंगो म्नारा ही दोन बेटं या प्रश्नांसाठी पूर्व आफ्रिकेतल्या सगळ्यात बोलक्या जागांपैकी आहेत. दोन्ही ठिकाणचे अवशेष 1981 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

मुळात एवढ्याशा बेटावर एवढा पैसा आला कुठून?

वाऱ्यावरून आला असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. हिंदी महासागरात वर्षातले काही महिने वारा ईशान्येकडून वाहतो, काही महिने नैर्ऋत्येकडून. स्वाहिली भाषेत पहिल्याला कास्काझी म्हणतात, दुसऱ्याला कुसी. अरबस्तानातून किंवा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेलं गलबत हिवाळ्यात कास्काझीवर स्वार होऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली उतरायचं आणि वारा फिरला की कुसीवर घरी परतायचं. कोकणातल्या खलाशाला यात नवीन काही वाटणार नाही. मेख आहे ती अंतरात. एका हंगामात जाऊन, व्यापार उरकून, त्याच वर्षी परत यायचं असेल तर किल्वा ही जवळपास शेवटची सोयीची जागा. त्याच्याही खाली, आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर, सोफाला. तिथे आतल्या पठारावरचं सोनं यायचं. परदेशी व्यापारी सोफालापर्यंत गेला तर त्याचं वर्ष बुडायचं. मग ते सोनं वर किल्वापर्यंत आणायचं काम किल्वाच्या लोकांनी हातात घेतलं, आणि मधल्या टप्प्याचा नफाही त्यांच्याच पेटीत पडू लागला.

याचा सगळ्यात छोटा पुरावा तांब्याचा आहे. किल्वाचे सुलतान स्वतःची नाणी पाडायचे. दिसायला अगदी साधी, बोटाच्या नखाहून जरा मोठी. त्यांच्यावर ना साल, ना टांकसाळीचं गाव. पण एका बाजूला सुलतानाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला देवाची स्तुती अशी बसवलेली की दोन्ही ओळींचं यमक जुळावं! पैशावर यमक जुळवणाऱ्या या लोकांबद्दल मला उगाचच आपुलकी वाटते. अल-हसन इब्न सुलेमानचं असंच एक तांब्याचं नाणं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी वास्तूंमध्ये सापडलं. ज्या पठारावरून सोनं खाली यायचं, तिथे हे नाणं वर चढून गेलं होतं.

सोन्याबरोबर हस्तिदंतही जायचा. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर येऊन गेला. तो सांगतो की इथला हस्तिदंत ओमानला जातो, तिथून पुढे हिंदुस्थानात आणि चीनला. हिंदुस्थानात त्याच्या कट्यारींच्या मुठी होतात, बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात. हाच अल-मसूदी सैमूरलाही आला होता. सैमूर म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. किल्वाचं वैभव तेव्हा अजून तीनशे-चारशे वर्षं दूर होतं, पण वाट पडलेली होती. चौलकडून आफ्रिकेकडे काय जायचं याचा एक धागा अलीकडे काचेच्या मण्यांतून सापडला आहे. लेसरनं मण्याला डोळ्याला दिसणारही नाही एवढा खड्डा पाडतात आणि उडालेल्या कणांत कुठली मूलद्रव्यं किती आहेत हे मोजतात. प्रत्येक ठिकाणच्या वाळूची स्वतःची खूण असते, ती काचेत उतरते. चौलला मिळालेल्या काही मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणच्या मण्यांची काच एकाच गटात बसली. तिच्यात युरेनियमचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे. लाल, पिवळे, काळे, डाळीच्या दाण्याएवढे मणी. आपल्या किनाऱ्यावरून ते गलबतात चढले आणि आफ्रिकेत कुणाच्या तरी गळ्यात गेले.

आता घराकडे वळू.

किल्वाची दगडी घरं ज्याला आपण दगड म्हणतो त्या दगडाची नाहीत. ती प्रवाळाची आहेत, म्हणजे पोवळ्याची. भिंतींसाठी बेटावरचंच जुनं, जमीन झालेलं प्रवाळ फोडायचं, त्याचे ओबडधोबड तुकडे चुन्यात बसवायचे. चुनाही प्रवाळच भाजून केलेला. पण दरवाजाच्या चौकटी, कमानी, कोनाड्यांच्या कडा, नक्षी यांसाठी लागायचं जिवंत प्रवाळ. ते पाण्याखालून कापून काढायचं. ओलं असताना ते इतकं मऊ असतं की हत्यारानं सहज कोरता येतं, आणि वाळलं की टणक होतं. म्हणजे कारागिराला घाई. ओलेपणा टिकतोय तोवर कमानीची धार निघाली पाहिजे. ही घरं अर्धी समुद्रातच घडायची.

छप्पर मात्र लाकडावर अवलंबून. खारफुटीच्या जंगलातले सरळसोट वासे भिंतीवर आडवे टाकायचे, वर प्रवाळाचे तुकडे आणि चुन्याचा कोबा. वाशावर एवढं ओझं, त्यामुळे तो फार लांब चालत नाही. म्हणून या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतली खोली लांबीला कितीही असली तरी रुंदीला अडीच-तीन मीटरच्या आसपासच. आपल्याकडे जुनी माणसं घर खणांत मोजायची तसंच हे. घराचं माप मालकाच्या ऐपतीच्या आधी लाकूड ठरवतं.

हे ध्यानात घेतलं की हुसुनी कुब्वातल्या घुमटांचा आणि कमानदार छतांचा अर्थ कळतो. घुमटाला वासा लागत नाही. जो घुमट बांधतो तो शेजाऱ्यांना सांगतो की मला तुमच्या जंगलाचं माप लागू नाही. किल्वाच्या जुन्या इतिवृत्तात असं येतं की अल-हसन तरुणपणी येमेनमधल्या एडनला दोन वर्षं शिकायला होता आणि हज करून आला होता. बाहेरचं जग बघून आलेल्या माणसाचं घर असं दिसणारच. त्यानं गावातली मोठी मशीदही वाढवली, तिलाही घुमट चढवला. घुमटाची हौस मात्र सगळीकडे पुरी पडली नाही. मशिदीचं ते वाढीव बांधकाम त्याच शतकात कोसळलं आणि पंधराव्या शतकात पुन्हा उभं करावं लागलं. आज आपण खांब आणि छोट्या घुमटांची जी मशीद बघतो ती मुख्यतः या दुरुस्तीनंतरची आहे.

राजवाडा खणला तो नेव्हिल चिटिक या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं, 1960 च्या दशकात. त्याचा आराखडा समोर ठेवून आत शिरलं तर गंमत दिसते. दक्षिणेच्या बाजूला एक प्रचंड चौक आणि त्याच्या कडेनं सारख्या मापाच्या खोल्यांच्या रांगा. या खोल्या राहण्यासारख्या नाहीत. या वखारी. म्हणजे सुलतानाच्या घरात पाऊल टाकताच भेटतो तो माल. तिथून उत्तरेकडे, समुद्राकडे सरकत गेलं की दरबाराचा चौक लागतो. त्याला पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे, समोर काहीतरी घडतंय आणि लोक बसून बघताहेत अशी. मग हौद. मग घरातल्या माणसांच्या खोल्या. आणि कड्यावरून खाली, समुद्राकडे उतरणारा जिना.

वखार, दरबार, हौद, शेजघर हे सगळं एका छताखाली, एका रांगेत. आपल्या डोक्यात राजवाडा म्हणजे सत्तेची जागा आणि बाजारपेठ म्हणजे पैशाची जागा अशी वाटणी असते. इथे ती नाही. इथला सुलतान हाच सगळ्यात मोठा व्यापारी होता आणि त्याला त्याची लाज नव्हती, उलट तोच दर्शनी भाग होता. दूरदेशीच्या व्यापाऱ्याला माल दाखवायचा, बसवायचं, खिलवायचं, कदाचित हौद दाखवायचा, आणि त्यानं पुढच्या वर्षी परत आपल्याकडेच यावं अशी सोय करायची. ना कायदा, ना बँक, ना कागदावरची हमी, अशा जगात घर हीच पत.

राजवाड्याची दोन लक्षणं अभ्यासकांना खटकत आली. एक, तो गावात नाही, गावापासून पूर्वेला वेगळा, एकटा. दुसरं, तो पुरा झालेलाच दिसत नाही आणि वापरातही फार काळ नव्हता. शेजारीच हुसुनी न्डोगो नावाचं जाड भिंतींचं आयताकृती आवार आहे, बुरूज असलेलं. ते कशासाठी होतं यावर अजून वाद चालतो. एवढा खटाटोप करून बांधलेली वास्तू एका-दोन पिढ्यांत ओस पडते, ती का?

इथे योगायोगानं एक साक्षीदार हजर आहे. 1331 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता किल्वाला आला, अल-हसनच्या राज्यातच. सुलतानाला लोक अबुल मवाहिब म्हणजे दानांचा धनी म्हणतात असं तो लिहितो आणि एक किस्सा सांगतो. येमेनच्या एका फकिरानं शुक्रवारच्या नमाजानंतर सुलतानाला रस्त्यातच गाठलं आणि म्हणाला, अंगावरचे कपडे दे. सुलतान परत मशिदीत गेला, दुसरे कपडे घातले आणि उतरवलेले फकिराला देऊन टाकले. पुढे राजपुत्रानं ते कपडे फकिराकडून परत घेतले आणि बदल्यात दहा गुलाम दिले. लोक वाहवा करताहेत हे कळल्यावर सुलतानानं आणखी दहा गुलाम आणि दोन ओझी हस्तिदंत दिला.

किस्सा औदार्याचा म्हणून सांगितला आहे. पण त्यात देणगीचं चलन काय आहे ते बघा. गुलाम. त्याच प्रवासवर्णनात सुलतानाच्या समोरच्या मुख्य भूमीवरील स्वाऱ्यांचा आणि लुटीचाही उल्लेख आहे. हौदात पाणी कुणी भरलं असेल, या प्रश्नाच्या उत्तराच्या जवळात जवळ आपण इथे पोचतो.

अल-हसन गेल्यावर त्याचा भाऊ दाऊद गादीवर आला. तो अगदी उलट. कुणी मागायला आलं की म्हणायचा, जो देत होता तो मेला आणि मागे द्यायला काही ठेवलं नाही. भाऊ एवढं उधळून गेला असेल तर अर्धवट राजवाड्यावर आणखी चुना कोण ओतणार! चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर एकूणच व्यापाराची गणितं बिघडली असावीत असंही काही अभ्यासकांना वाटतं. मला स्वतःला दाऊदचं ते एक वाक्य जास्त पटतं.

इब्न बतूतानं आणखी एक गोम करून ठेवली आहे. किल्वा हे अत्यंत देखणं आणि नीट बांधलेलं शहर आहे असं तो म्हणतो, आणि पुढे म्हणतो की ते सगळं लाकडाचं आहे. प्रवाळी भिंती, घुमट, राजवाडा, यांतलं काहीच त्याच्या वर्णनात नाही. या एका शब्दावर खूप शाई खर्ची पडली. नकलकारानं चूक केली असेल. वर्षानुवर्षांनी आठवणीतून सांगताना त्याची सरमिसळ झाली असेल. किंवा, आणि ही शक्यता आता अनेकांना जवळची वाटते, त्यानं जे बघितलं तेच लिहिलं. शहराचा मोठा भाग खरोखरच लाकूड, माती आणि झावळ्यांचा होता. दगडी घरं मूठभर होती. आपण आज फक्त दगडी घरं बघतो, कारण तेवढीच उरली.

यातून या विषयातल्या मोठ्या भांडणापाशी येतो. वसाहतीच्या काळात आणि नंतरही बराच काळ असं मानलं गेलं की ही शहरं आफ्रिकी लोकांनी बांधलीच नाहीत, इराण-अरबस्तानातून आलेल्यांनी येऊन वसवली. या समजाला आधार होता तो खुद्द किल्वाच्या इतिवृत्ताचा. सोळाव्या शतकात लिहिलेल्या त्या बखरवजा मजकुरात संस्थापक इराणमधल्या शिराझहून येतो आणि बेट विकत घेतो. किंमत काय, तर बेटाभोवती पुरेल एवढं कापड. बेटाला कापडाचा वेढा पडतो आणि तो राजा होतो.

कथा झकास आहे, पण फावड्यानं वेगळं सांगितलं. केनियाच्या लामू द्वीपसमूहातल्या शांगा इथे मार्क हॉर्टनच्या चमूला दगडी मशिदीच्या खाली आणखी जुन्या मशिदींचे थर सापडले, एकाखाली एक, आणि तळाशी आठव्या शतकातली लाकूडमातीची अगदी छोटी मशीद. दगड नंतर आला; गाव, धर्म आणि समुद्रावरचा व्यापार आधी होता. किल्वालाही दगडी शहराच्या खाली कितीतरी आधीपासूनची वस्ती आहे आणि तिची मातीची भांडी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सगळीकडे मिळतात तशीच, स्थानिक घडणीची. मग शिराझची गोष्ट निव्वळ थाप? तसंही नाही. 2023 मध्ये या किनाऱ्यावरच्या जुन्या दफनांतल्या 80 जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात किल्वा आणि सोंगो म्नाराही होते. बऱ्याच जणांत आईकडचा वारसा जवळजवळ सगळा आफ्रिकी आणि बापाकडचा मोठा भाग इराणी निघाला, थोडा हिंदुस्थानीही. ही सरमिसळ साधारण इसवी सन 1000 च्या सुमारास सुरू झालेली दिसते. परके व्यापारी आले, आधीच नांदत्या गावांत लग्नं करून राहिले. घर सासुरवाडीचं, आडनाव बापाचं, असा हा मामला. आणि हे विसरू नये की थाटाच्या दफनांत सापडलेली हाडं ही मुळात बड्या घरातल्यांची. सगळ्या गावाचा वंश त्यातून ठरत नाही.

कुणी बांधलं या वादात पन्नास-साठ वर्षं गेल्यावर लोक अखेर दुसरा प्रश्न विचारू लागले : आत चालायचं काय? त्यासाठी सोंगो म्नारा फार सोयीचं निघालं. किल्वाच्या दक्षिणेला असलेलं हे गाव चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलं आणि सोळाव्याच्या सुरुवातीला उठलं. मधे शे-सव्वाशे वर्षं. वर पुन्हा कुणी शहर बांधलं नाही, त्यामुळे थरांचा गुंता कमी. चाळीसेक दगडी घरं, पाच-सहा मशिदी, कबरस्तानं, गावकूस. 2009 पासून स्टेफनी विन-जोन्स आणि जेफ्री फ्लायशर या पुरातत्त्वज्ञांनी इथे काम केलं.

इथल्या एखाद्या घरात चला. रस्त्यावरून रुंद पायऱ्या चढायच्या. मग समोर चौक, पण तो खोलगट, चारी बाजूंनी पायऱ्या उतरून जायचा. त्याच्या कडेला चुन्याचे पक्के ओटे. यांना स्वाहिलीत बराझा म्हणतात, आणि हाच शब्द पुढे सभेसाठीही वापरात आला. आपल्याकडे पडवी आणि देवडी मिळून जे काम करायच्या तेच. पलीकडे लांबट खोल्या एकामागे एक, सगळ्यात आत माजघर. भिंतींत कोनाडे. काही भिंतींत ओळीनं भोकं, बहुधा पडदे किंवा गालिचे टांगायच्या खुंट्यांची. घरातल्या घरात शौचकूप, तेही नीट बांधलेलं.

पूर्वी अशा घराचं वाचन ठरलेलं असायचं. लामूच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या घरांत आत जावं तसतसा खासगीपणा वाढत जातो, बायका आत आणि पाहुणे बाहेर; तोच नियम चार-पाचशे वर्षं मागे नेऊन इथेही लावून टाकायचे. विन-जोन्स यांचं म्हणणं असं की आधी जमिनीला विचारा. म्हणून त्यांनी जमिनीवर चौकटी आखून जागोजागची माती उचलली. माणसं जिथे खातात, सांडतात, कचरा टाकतात तिथे मातीत फॉस्फरस वाढतो. गवतं आणि धान्यं कुजून गेली तरी त्यांच्या पेशींतले सूक्ष्म गारगोटीचे कण मातीत उरतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते भात कुठला आणि चटई कुठली हे सांगू शकतात. झाडणाऱ्यानं कितीही झाडलं तरी दाण्याएवढी चिल्लर चीजवस्तू फटीत राहतेच. या सगळ्यातून जे घर उभं राहिलं ते बंदिस्त जनानखान्यापेक्षा गजबजलेल्या पेढीसारखं होतं. घराचा बराच भाग लोकांसाठी उघडा, कामाचा, देण्याघेण्याचा. हुसुनी कुब्वाचा कित्ता छोट्या मापात गिरवल्यासारखा.

तिथल्या एका घरात तीनशेहून जास्त तांब्याची नाणी एकत्र पुरलेली मिळाली. त्यांत आपल्या त्याच अल-हसन इब्न सुलेमानच्या नावाचीही होती, म्हणजे तो मरून कितीतरी वर्षं झाल्यावरही हातात खेळत असलेली. कबरींपाशीही नाणी मिळाली, पांढऱ्या गारगोट्यांसोबत. कुणीतरी येऊन ठेवून जात असावं. पैसा म्हणजे फक्त खरेदीविक्री असं मानणाऱ्याला या कबरी अडवतात. किल्वाला तर फुटक्या खापराला गोल घासून, मधे भोक पाडून केलेल्या टकळीच्या चकत्याही भरपूर सापडल्या. बाहेरचं उंची कापड येत होतं तेव्हाही घरोघरी कापूस कातला जात होता.

जेवणावरूनही मोठेपणा कळतो. याच किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या पेंबा बेटावर जळलेल्या दाण्यांच्या अभ्यासातून दिसलं की सुरुवातीला लोक मुख्यतः बाजरी खायचे आणि अकराव्या शतकानंतर भाताचं प्रमाण वाढत गेलं. बाजरी मुळात आफ्रिकेचीच, आपल्याकडे ती तिथून आली. भात आशियाचा. म्हणजे आपण त्यांच्याकडून भाकरीचं धान्य घेतलं आणि किनाऱ्यावरच्या प्रतिष्ठित घरांनी मेजवानीला भात शिजवला! भांडीही बदलली. नुसत्या रांधायच्या मडक्यांबरोबर वाढायचे वाडगे वाढले, त्यात आखाती देशांतले चकचकीत झिलईचे आणि चीनचे हिरवट चिनी मातीचे. असे वाडगे पंगतीत फिरायचे, आणि काही तर छतात आणि कबरींच्या खांबांत चुन्यानं कायमचे बसवून टाकलेले. खायला नाही, दिसायला.

शेवट झटपट झाला. 1502 मध्ये वास्को द गामानं तोफा रोखून सोन्याची खंडणी वसूल केली. त्या सोन्याचं लिस्बनमध्ये चर्चसाठी एक पूजापात्र घडवलं, ते आजही तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1505 च्या जुलैत आल्मेईदा या पोर्तुगीज सरदाराच्या आरमारानं किल्वा लुटलं आणि किल्ला बांधला. सात वर्षांत पोर्तुगीज तिथून निघूनही गेले, पण व्यापाराची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

आता पुन्हा इब्न बतूताच्या लाकडाकडे. सोंगो म्नाराच्या दगडी घरांच्या मधे मोठ्या मोकळ्या जागा आहेत. पूर्वीच्या नकाशांत त्या कोऱ्या असायच्या. तिथे चुंबकमापक घेऊन माणसं सरळ रेषांत चालली. भाजलेल्या मातीचं चुंबकत्व आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे खाली चूल किंवा जळालेली भिंत असेल तर उपकरणाला ती कळते. कोऱ्या जागेत ठिपके उमटले. खणल्यावर निघाली कुडाची घरं. तिथेही मणी होते, नाणी होती. दगडी घरांतल्यांना लागणारी माणसं, त्यांचा माल वाहणारी, त्यांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती. घरांचं फारसं काही उरलेलं नाही. उरली आहेत ती आगीत भाजली गेल्यामुळे टिकलेली मातीची ढेकळं. त्यातलं एखादं उलटून बघितलं की आतल्या बाजूला, करंगळीएवढ्या जाडीच्या काठीचा स्वच्छ ठसा दिसतो.